जानापावच्या उतारावरची माती आणि गवत

महूच्या पुढे मानपूरकडे जाताना चंबळेच्या उगमाची जानापावची टेकडी लागते. शेतघरासाठी जमीन पाहायला इंदूरहून येणारी आपली मंडळी तिथले गवताळ उतार सरसकट पडीक ठरवून मोकळी होतात. मातीकडे मात्र फारसे कोणी वाकून पाहत नाही.

रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथे थर उघडे पडतात. वर जेमतेम वीतभर तपकिरी, खडेमिश्रित माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले बेसॉल्टचे गोलसर धोंडे दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक झिजतो, त्याचे बारीक कण पावसाबरोबर खाली उतरतात आणि पायथ्याशी तीच माती खोल, काळी, चिकट होते. तिथे चुनखडीचे पांढरे खडे सापडतात आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माळव्याचे सोयाबीन आणि गहू या खालच्या जमिनीवर पिकतात, उतारावरच्या मुरमाड जमिनीवर नव्हे.

गवतालाही हा फरक कळतो. मुरमाड उतारावर पवन्या आणि कुसळी, तर सखल काळ्या मातीत मारवेल जोमाने वाढते. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडत असल्यामुळे, गवताच्या मुळांनी बांधलेली ती वीतभर माती नांगराने मोकळी केली की पहिल्याच जोरदार सरींत वाहू लागते. जमिनीच्या क्षमतेनुसार केलेल्या आठ वर्गांपैकी पहिले चार शेतीचे. असे उथळ, तीव्र उतार सहाव्या-सातव्या वर्गात, म्हणजे चराई आणि झाडोऱ्याकडे जातात. सरकारी दप्तरातली चरनोई, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन, बरीचशी अशाच जमिनीवर आहे, आणि (हे माझे मत) तिच्यावर सर्वांत आधी डोळा जातो तोही ती ओसाड दिसते म्हणूनच.

बेसुमार चराईने पवन्यासारखी बारमाही गवते हटतात आणि हलकी, वर्षायू गवते उरतात. म्हणून पावसाळ्यात गुरे बंद ठेवून नंतर कापणी करणे, आणि कुसळीला कुसळे धरण्यापूर्वीच तिच्यावर विळा चालवणे उत्तम, कारण तिची टोके मेंढ्यांच्या लोकरीत शिरून कातडीपर्यंत रुततात. मात्र तणमोर हा गवताळ रानातला पक्षी पावसाळ्यातच अशा गवतात घरटी करतो. रतलामजवळचे सैलाना आणि धारमधील सरदारपूर ही त्याची अभयारण्ये १९८३ सालची. त्याचा वावर असेल तिथे पिल्ले मोठी होईपर्यंत कापणी लांबवावी, मग चारा थोडा जून झाला तरी चालेल.