पट्टे आले, रोटिफर गेले

आधी गोड बातमी. घरच्या क्लाउनफिशच्या मागच्या हॅचमधल्या (एका वेळी अंड्यांतून निघालेल्या) पिल्लांना डोक्यामागचा पहिला पांढरा पट्टा आलाय! अंगभर केशरी रंग चढतोय आणि पाण्यात नुसती तरंगणारी पोरं आता तळाशी येऊन ऐटीत शेपूट हलवताहेत. मेटामॉर्फोसिस, म्हणजे पिल्लाचं छोट्या माशात रूपांतर, पार पडलं म्हणायला हरकत नाही. दिवसातून दहादा डोकावतोय, ते सोडा.

जोडीही जोरात आहे. मादीने लगेच त्याच टाइलवर पुन्हा अंडी घातली, नर पंख्यासारखे पर हलवत पहाऱ्यावर. अंडी चंदेरी झाली, डोळे चमकायला लागले, म्हणजे आज टाकीचे दिवे बंद झाल्यावर हॅच नक्की.

आणि नेमकं आत्ताच रोटिफरचं, म्हणजे नव्या पिल्लांना खायला बादलीत वाढवलेल्या सूक्ष्म जिवांचं, कल्चर झोपलं.

पाणी हिरव्याचं मळकट झालं, वर फेस, घाण वास. मायक्रोस्कोपखाली रोटिफर तुरळक, आणि जे होते त्यांच्यातल्या जवळजवळ एकीलाही अंडं चिकटलेलं नाही. बाकी सगळीकडे सिलिएट, म्हणजे कल्चरमध्ये घुसणारे एकपेशीय जीव, सुसाट धावताहेत. अंडीवाल्या माद्या कमी होणं हीच खरी धोक्याची घंटा. पाणी हिरवं दिसतंय म्हणून कल्चर ठणठणीत असं समजू नका. संशय नव्याने मागवलेल्या स्टार्टरवर (कल्चर सुरू करायच्या विकतच्या रोटिफरवर) आहे. पिशवीतला थेंब पाहिला तर त्यातही हेच पाहुणे. इथून पुढे विकतचं स्टार्टर आधी वेगळ्या बाटलीत, मगच बादलीत.

यीस्ट घाला असं कुणीतरी सुचवणारच. नको. रोटिफर वाढतात, पण पाणी नासतं आणि पिल्लांना लागणारी फॅटी ॲसिडं त्यातून मिळत नाहीत. नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शेवाळाची पेस्ट महाग वाटते, तरी तिला तोड नाही.

उरलेलं सगळं ५३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलं. रोटिफर वर राहतात, बारीक सिलिएट बरेचसे खाली जातात. भरपूर धुऊन १.०१८ घनतेच्या ताज्या खाऱ्या पाण्यात टाकले. फ्रिजमध्ये बियाणं म्हणून ठेवलेली बाटलीही बाहेर काढली. ती जिवंत निघाली, देव पावला. पण कल्चर पुन्हा दाट व्हायला काही दिवस जाणार, आणि नव्या पिल्लांना उद्या सकाळपासून खायला हवं. आर्टेमियाची नॉप्ली (या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची नुकती जन्मलेली पिल्लं) त्यांच्या तोंडात मावत नाही.

म्हणून ही बॅच आईबापांच्या टँकमध्येच सोडून द्यायची, असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण लिहितानाच हिशेब मांडला. मिलिलिटरला १० रोटिफर धरले तर ४० लिटरला ४ लाख लागतात. ८ लिटरला फक्त ८० हजार. तेवढे चाळणीतून निघालेत! पिल्लांना रोटिफरची दाटी हवी, मोठा टँक नको. मग बदल असा: छोटी टाकी, बाजूंना काळा कागद, ८ लिटर पाणी, पेस्टने हलकं हिरवं केलेलं, मंद उजेड, एअरस्टोनचा अगदी सावकाश बुडबुडा. अमोनिया चढणार, त्यामुळे टेस्ट किट हाताशी. मोठी पोरं आता नॉप्ली खायला लागलीत, तेव्हा त्यांचा रोटिफरचा वाटा बंद.

दिवे बंद व्हायच्या आधी टाइल छोट्या टाकीत हलवतो. फ्रिजमधलं बियाणं कोण किती दाट ठेवतं आणि मधे पाणी बदलता का, तेवढं सांगा.