विराम आणि लोगो

पुण्यातल्या एका कंपनीचा वर्धापनदिन. रेकॉर्ड केलेल्या ढोल-ताशावर बसवलेला नाच, मागे मोठी एलईडी वॉल. ग्राफिक्स माझ्याकडे, आणि मागणी एका ओळीची: 'आवाजाबरोबर ग्राफिक्स नाचले पाहिजेत.' आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी बटण असतं, अशी लोकांची समजूत.

बटण आहेही. 'कन्व्हर्ट ऑडिओ टू कीफ्रेम्स' दिलं की एक नल, म्हणजे न दिसणारा लेअर, तयार होतो आणि त्याच्या स्लायडरवर दर फ्रेमला एक आकडा, म्हणजे कीफ्रेम, बसतो. पण त्या आकड्याला आवाज किती मोठा एवढंच कळतं, कोण वाजवतंय ते नाही. ताशाची तर्री अखंड चालू, त्यामुळे स्लायडर कायम चढलेला आणि ढोलाचा ठोका त्यात बुडालेला. मग ऑडिओ वेगळ्या कॉम्पमध्ये (कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे स्वतंत्र टाइमलाइनवर) नेला, 'हाय-लो पास' लावून ताशा-झांजांचा वरचा पट्टा छाटला आणि उरलेल्या घुमाऱ्यावरून कीफ्रेम्स काढल्या. ताशासाठी उलटं. आता थापेला वर्तुळ फुगायचं, तर्रीला कडेच्या ठिणग्या उडायच्या.

आकड्यांची थरथर घालवायला ट्युटोरियलवाले मागच्या फ्रेम्सची सरासरी घ्यायला शिकवतात. त्याने ठोका बोथट होतो आणि वर मागेही सरकतो. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या कॉम्पमध्ये दोन फ्रेम्स म्हणजे ८० मिलिसेकंद, ढोलावर ते लगेच खटकतं. मी मागच्या काही फ्रेम्समधला मोठा आकडा धरून तो उतरवत आणणारं एक्स्प्रेशन, म्हणजे कोडची छोटी ओळ, लिहिलं. चढायला क्षणात, उतरायला सावकाश. त्यावर मी अजून खूश आहे.

ट्रॅकच्या मध्यावर सगळे वादक एकदम थांबतात. स्लायडर शून्य, वॉल पूर्ण काळी. नृत्यदिग्दर्शिकेला सगळ्यात आवडलेली जागा तीच. कार्यक्रमात नेमकं तिथे वॉलच्या ऑपरेटरला वाटलं सिग्नल गेला, आणि त्याने बॅकअप लावला. ढोल कडाडून परत सुरू झाले तेव्हा मागे पांढऱ्यावर कंपनीचा लोगो, ढिम्म.

त्याला काय बोलणार? तालमीला दुसराच माणूस होता, आणि क्यू शीट, म्हणजे कधी काय होणार याची यादी, याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. इव्हेंटवाले जेवणाचा मेनू छापून घेतात, क्यू शीट मात्र व्हॉट्सॲपवर फिरवतात. काळी वॉल म्हणजे बिघाड, हेच त्याला शिकवलेलं.

कंपनीचे साहेब मात्र खूश. 'लोगो काय ठोक्यावर आला हो!'

हाच नाच आता दुसरीकडे होणार आहे. दिग्दर्शिका म्हणतात, विरामात थोडा उजेड ठेव. स्लायडरवरून वर्तुळाचा आकार ठरवणाऱ्या 'लिनिअर' या फंक्शनमधला खालचा आकडा ० चा १५ करायचा, एवढंच काम. ऑपरेटर घाबरणार नाही. पण मग वर्तुळ १५ वरून उसळतं आणि ती उसळी मला खुजी वाटते. दोन्ही रेंडर काढून ठेवलेत. कुठला द्यायचा ते ठरत नाहीये.