तुम्ही विचारलंत म्हणून: एका पॅकेजला एवढा वेळ का?

"एक फाइल तर आहे. पेनड्राइव्हवर आण आणि टाक." नेट नसलेल्या सर्व्हरचं काम निघालं की हे ऐकावंच लागतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

फाइल आणायला वेळ लागत नाही; एका पॅकेजला (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याला) इतर पॅकेजेसही लागतात, त्यामुळे काय काय आणायचं हे ठरवायला लागतो. ती यादी सर्व्हरवर आधीपासून काय आहे त्यावर ठरते. नेटवाल्या मशीनवर डीएनएफ या लिनक्सवर पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामच्या 'डीएनएफ डाउनलोड' कमांडला 'रिझॉल्व्ह' (लागणारी इतर पॅकेजेसही आण) जोडलं, तर त्या मशीनवर असलेली पॅकेजेस ते खुशाल वगळतं. ती सर्व्हरवर नसली तर? 'ऑलडेप्स' (काहीही न वगळता सगळी आण) हेही जोडलं की ग्लिबसी या लिनक्सच्या अगदी मूळ लायब्ररीपर्यंतचा ढीग येतो. तो 'क्रिएटरेपो' या सूची बनवणाऱ्या कमांडमधून काढून आत रेपो (पॅकेजेसचं सूचीसह भांडार) म्हणून द्यायचा, मग हवं तेवढं डीएनएफ स्वतः उचलतं. हे मी करते. वेळ त्यालाच लागतो.

आता असाच वेळ गेलेल्या एका रात्रीबद्दल. व्हेंडरनं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७साठी बांधलेलं आरपीएम (रेड हॅटची पॅकेज फाइल) दिलं होतं, सर्व्हरवर होती आवृत्ती ८. इन्स्टॉल करताना एरर आली: लिबक्रिप्टो डॉट एसओ डॉट १० हवं. हे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधल्या लायब्ररीचं (अनेक प्रोग्राम वापरतात अशा कोडच्या फाइलचं) नाव, पॅकेजचं नव्हे. ते कुठल्या पॅकेजमध्ये मिळेल हे डीएनएफला विचारावं, तर आत एकही रेपो जोडलेला नव्हता. मी थोडा वेळ मागितला. मागून सीनियरचा आवाज आला, "नोडेप्स लाव." म्हणजे लागणाऱ्या गोष्टी आहेत की नाहीत हे न तपासताच बसव. मी नको म्हटलं, माझं कोण ऐकतंय! आरपीएम निमूटपणे बसलं, सगळे खूश. सर्व्हिस सुरू केली आणि लोडरनं (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणाऱ्या भागानं) तीच लायब्ररी मागितली. नोडेप्सनं गरज भागत नाही, फक्त तपासणी टळते. मग कुणीतरी सर्व्हरवर असलेल्या १.१च्या फाइलला १०च्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या नावाचा शॉर्टकट) केली. आता फाइल सापडली, पण तिच्यात हवं ते सिम्बॉल व्हर्जन (आतल्या फंक्शन्सवरची आवृत्तीची खूण) नाही म्हणून लोडर पुन्हा अडला. पहाटे कधीतरी सगळे दमल्यावर कीबोर्ड माझ्याकडे आला. सर्व्हर ज्या आयएसओवरून (इन्स्टॉलेशन डीव्हीडीच्या फाइलवरून) उभा केला होता ती त्याच्याच डिस्कवर पडून होती. माउंट केली, तिच्यातले बेसओएस आणि अ‍ॅपस्ट्रीम हे दोन्ही भाग रेपो म्हणून जोडले, 'डीएनएफ प्रोव्हाइड्स'नं ती लायब्ररी कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते विचारलं. लगेच उत्तर आलं: कॉम्पॅट-ओपनएसएसएल१०.

जिंकले म्हणावं, तर सकाळी सिक्युरिटीवाल्यांनी विचारलं, मूळ प्रकल्पानं २०१९अखेर सोडून दिलेलं ओपनएसएसएल १.०.२ सर्व्हरवर कुणी आणलं? मीच आणलं. त्यांचंही खोटं नव्हतं.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे, अख्खा मिरर (बाहेरच्या रेपोची हुबेहूब प्रत) आत ठेवा, कटकट मिटेल. नाही मिटत. मिरर घेतला त्या दिवसापुरताच ताजा. त्यात 'रेपोसिंक'नं रेपो उतरवताना मेटाडेटा (पॅकेजेसबद्दलची माहिती) उतरवायचा राहिला, तर मॉड्यूलची, म्हणजे एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या गटांची, माहितीच येत नाही आणि डीएनएफ भलतंच निवडतं किंवा अडून बसतं. तरी आजही मी मिररच मागते. दुसरं काय मागू?

कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्यांचा एकत्र बांधलेला डबा) आणा, सगळं आतच असतं, असंही सुचवतात. असतं खरं. पण त्या इमेजमधल्या लायब्रऱ्यांचे पॅच दर महिन्याला कोण आत आणणार, हे विचारलं की बैठक पुढच्या विषयाकडे वळते.