तुम्ही विचारलंत म्हणून: त्या शाळेत नेमकं शिकवतात काय?

फोन बहुतेक जानेवारीच्या शेवटी येतात. इथे अमेरिकेत कॅथलिक शाळांचा खास आठवडा त्याच सुमारास असतो. पालकांना शाळा बघायला बोलावतात, पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू होतात. मग मराठी मंडळातलं कुणीतरी ‘ताई, एक विचारायचं होतं’ म्हणून सुरुवात करतं. दहा मिनिटं फी, बस, दुपारची देखरेख असं बोलून होतं आणि मग आवाज जरा खाली येतो. ‘पण तिथे शिकवतात काय नेमकं? म्हणजे... धर्माचं किती असतं?’

मी शिकागोच्या एका उपनगरातल्या कॅथलिक शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. अकरावं वर्ष आहे. मी कॅथलिक नाही. नोकरी देताना त्यांनी विचारलं होतं, मी सांगितलं होतं, विषय तिथेच संपला. धर्माचा तास घ्यायचा तर वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. अपूर्णांकांना ते लागत नाही. ‘सिस्टर लोक कडक असतात का हो’ असंही विचारतात, पण आमच्याकडे एकही सिस्टर नाही. शिक्षक सगळे माझ्यासारखे, संध्याकाळी घरी जाऊन पोळ्या किंवा पास्ता करणारे.

तर, धर्माचं किती? रोज एक तास, चाळीस मिनिटांचा, इतर विषयांसारखाच. गृहपाठ असतो, चाचणी असते, प्रगतिपुस्तकात श्रेणी असते. आठवड्यातून एकदा सगळी शाळा रांगेने चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला जाते. सकाळी इंटरकॉमवर प्रार्थना आणि तिला जोडूनच झेंड्याची प्रतिज्ञा. आपल्या शाळेतला परिपाठ आठवा, तसंच. हे सगळं सगळ्यांना असतं. ‘आमच्या मुलाला त्या तासाला लायब्ररीत बसवा’ अशी सोय आमच्याकडे नाही, आणि ती मागू नये असं माझं मत आहे. पैसे भरून, सही करून आपणच त्या दारात गेलेलो असतो.

त्या तासात काय असतं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी मजा तिथे आहे. पहिलीत येशूच्या दाखल्यांच्या गोष्टी आणि सृष्टीची निर्मिती. चौथीच्या आसपास दहा आज्ञा. सहावीत जुना करार, सातवीत नवा, आठवीत चर्चचा इतिहास आणि दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची तयारी. सहावीच्या जुन्या कराराला एक जोड आपोआप मिळते. त्याच वर्षी समाजशास्त्रात मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधू संस्कृती चालू असते. एका तासाला अब्राहम ऊर नगरातून निघतो आणि पुढच्या तासाला त्याच ऊरच्या उत्खननाची चित्रं फळ्यावर असतात. मुलं मग शिक्षकांना छळतात, की यातलं खरं कोणतं. आमच्या धर्माच्या बाई यावर फार छान उत्तर देतात, पण ते उत्तर त्यांचं आहे, मी उसनं घेत नाही.

दुसरीचं वर्ष वेगळं. पहिली पापकबुली आणि पहिलं कम्युनिअन, म्हणजे ख्रिस्तशरीराचा स्वीकार, त्या वर्षी. सात वर्षांच्या मुलाला बरंवाईट कळतं, त्याला आणखी थांबवू नका, असं पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवून दिलं. त्याआधी मुलं बरीच मोठी होईपर्यंत वाट बघायची. एप्रिलमध्ये दुसरीचा वर्ग चर्चमध्ये तालीम करतो. हात कसे धरायचे, उजवा खाली, डावा वर. कम्युनिअन न घेणारी मुलंही रांगेत येतात, पण दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून. म्हणजे फादर त्यांच्या कपाळापाशी हात नेऊन नुसता आशीर्वाद देतात. एकदा मी मागच्या बाकावर बसून बघत होते. वर्गातल्या एका भारतीय मुलीने हात इतके घट्ट आवळले होते की खांदे कानाला टेकले होते. पुढच्या मुलाने वळून तिला सांगितलं, ‘इतकं नाही, ममीसारखी दिसतेस.’ ममी म्हणजे इजिप्तची. तालीम पाच मिनिटं थांबली.

‘मूल ख्रिश्चन होईल का’ या धास्तीचं माझ्याकडचं उत्तर एवढंच. बाप्तिस्मा आईवडिलांच्या संमतीशिवाय होत नाही. बाकी मुलाला येशूच्या गोष्टी येतील, जेवणाआधी क्रूसाची खूण करावीशी वाटेल, तुमची आई व्हिडिओ कॉलवर ते बघेल आणि आठवडाभर तुमच्याशी कमी बोलेल. याची तयारी ठेवा.

पण धर्म त्या चाळीस मिनिटांतच राहतो असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो माझ्या वर्गातही येतो, आणि माझी हरकत नसते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, प्रत्येक घरी पुठ्ठ्याची एक घडीची पेटी जाते. राइस बोल म्हणतात तिला. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसचा हा उपक्रम, १९७५ साली पेन्सिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनमध्ये सुरू झालेला. चॉकलेट सोडलं, पिझ्झा सोडला की ते पैसे पेटीत. शेवटी नाणी मोजायचं काम सातवीकडे, कारण सातवीत शेकडेवारी असते आणि कारण सातवीची शिक्षिका मी आहे. जमलेल्या रकमेतले ७५ टक्के परदेशातल्या कामाला जातात, २५ टक्के आपल्याच धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी राहतात. आकडेमोड दहा मिनिटांत संपते. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, पंच्याहत्तर-पंचवीसच का? निम्मं-निम्मं का नाही? दुसरी म्हणाली, तिकडे एका डॉलरला जास्त जेवण येतं, मग सगळंच तिकडे पाठवा. तिसरा म्हणाला, माझी मावशी इथल्या फूड पँट्रीच्या, म्हणजे मोफत धान्याच्या रांगेत उभी असते. वर्ग गप्प झाला. गुणोत्तर आणि प्रमाणाचा पुढचा धडा त्या दिवशी राहिला तो राहिलाच. तुम्ही ‘अभ्यासक्रमात काय आहे’ विचारता तेव्हा मला हे सांगायचं असतं, पण फोनवर ते सांगता येत नाही.

इंजिनियर वडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘उत्क्रांती शिकवतात का?’ शिकवतात. अमेरिकेत काही चर्चना डार्विनचं वावडं आहे, त्यामुळे आपण सगळ्यांना एका माळेत ओवतो. कॅथलिक चर्चचं तसं नाही. पोप बाराव्या पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मुभा दिली, आत्मा मात्र देवाकडून येतो अशी अट घालून. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की हा सिद्धान्त आता निव्वळ गृहीतक राहिलेला नाही. सातवीच्या विज्ञानात वाटाण्याच्या आनुवंशिकतेचे चौकोन भरायचे असतात. त्या वाटाण्यांवर कित्येक वर्षं घालवणारा मेंडेल मठातला साधू होता, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारा लमेत्र्‌ बेल्जियमचा पाद्री होता. या दोघांची चित्रं विज्ञानाच्या वर्गात अशा थाटात लावलेली आहेत की जणू शाळेचे माजी विद्यार्थी. गणिताचं म्हणाल तर ते शेजारच्या पब्लिक, म्हणजे सरकारी शाळेतलंच. २०१० च्या कॉमन कोअर या राज्याराज्यांच्या सामाईक मानकांवर बेतलेलं, आठवीत जमेल त्याला बीजगणित. कॅथलिक शाळेची शैक्षणिक पातळी परिसरातल्या इतर शाळांइतकी तरी असलीच पाहिजे, असं चर्चच्या १९८३ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. कागदावर आहे म्हणजे प्रत्येक शाळेत आहे असं नव्हे, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

कुटुंबजीवन नावाचा एक भाग वरच्या वर्गांत असतो. वयात येणं, लग्न, नाती, सगळं चर्चच्या शिकवणीप्रमाणे. त्यातल्या काही गोष्टी मला पटत नाहीत आणि तुम्हालाही पटणार नाहीत. प्रवेशाआधी ते साहित्य मागून वाचा. मुलांना सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचे पाठ दरवर्षी होतात. २००२ साली, पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार उघड झाल्यावर, अमेरिकन बिशपांनी डॅलसमध्ये मुलांच्या संरक्षणाची सनद मंजूर केली तेव्हापासून ते सक्तीचे आहेत. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासतात आणि त्याला प्रशिक्षण घ्यावं लागतं. मीही घेतलं. सहलीला सोबत जाणाऱ्या आज्यांनाही सूट नाही.

खरा फरक मला विचाराल तर इंग्रजीच्या तासाला दिसतो. तिथे अजून वाक्याचे सांगाडे काढतात. आपण मराठीच्या पेपरात वाक्यपृथक्करण करायचो ना, उद्देश्य, विधेय, कर्मविस्तार, आडव्या तक्त्यात? इथे त्याचं चित्र काढतात. १८७७ सालची पद्धत, बहुतेक पब्लिक शाळांतून कधीच हद्दपार झालेली. एक आडवी रेघ. तिला आरपार छेदणारी उभी रेघ, डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. क्रियापदानंतर कर्म आलं तर आणखी एक उभी रेघ, पण ही आडवीला टेकते, छेदत नाही. विशेषणं तिरप्या रेघांवर खाली लोंबतात. लांबलचक वाक्याचं चित्र पूर्ण झालं की माशाच्या काट्यासारखं दिसतं. शेजारच्या वर्गातून ‘नॉट’ला कुठे टांगायचं यावर भांडण ऐकू येतं तेव्हा मला फार बरं वाटतं. शाब्दिक उदाहरणात नेमकं काय विचारलंय हे ज्याला कळत नाही, त्याचं गणित कच्चं नसतं, वाक्य कच्चं असतं, असं माझं जुनं म्हणणं आहे. त्याला संशोधनाचा आधार वगैरे मी शोधलेला नाही.

या शाळांना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचं बायबल वाचून घेत. कॅथलिकांचा त्याला विरोध होता. त्या वादातून १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली पेटल्या, माणसं मेली. पुढे १८८४ साली बॉल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समुदायाने, आपली शाळा काढावी असं ठरलं. म्हणजे या शाळा आपली मुलं दुसऱ्याच्या धर्मापासून वाचवायला निघाल्या. म्हणून फोनवर कुणी घाबरत घाबरत विचारतं तेव्हा मला हसू येतं. तुमचीच भीती आहे हो ही, दीडशे वर्षांपूर्वी आयरिश कॅथलिक आईवडील हेच विचारत होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर या शाळांत पन्नास लाखांहून जास्त मुलं होती, आता सतरा लाखांच्या आसपास आहेत.

आणि इथेच ती गोष्ट येते जी तुम्ही विचारत नाही आणि विचारायला हवी. शाळा लहान आहे. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. माझ्या आठवीत सतरा मुलं आहेत, तीच सतरा बालवाडीपासून. कुणाशी बिनसलं तर तुकडी बदलून मिळत नाही. ऑर्केस्ट्रा नाही, स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा नाही. हुशार मुलासाठी वेगळा वर्ग नाही, ज्याला शिकताना अडचण आहे त्याच्यासाठी तर फारच कमी. पब्लिक शाळेत अशा मुलाला स्वतंत्र शिक्षण आराखड्याचा, आयईपीचा, कायदेशीर हक्क असतो. खाजगी शाळेत घातलं की तो वैयक्तिक हक्क राहत नाही. पब्लिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांचं मंडळ, तपासणी करून देतं आणि ठरावीक केंद्रीय निधीत बसेल तेवढी मदत देतं, तेवढंच.

मग शेवटी, फोन ठेवता ठेवता, ‘तुमचा मुलगाही तिथेच होता ना?’

पाचवीपर्यंत होता. तिसरीत त्याला डिस्लेक्सिया असल्याचं कळलं. शाळेने खूप केलं. त्याच्या बाई सुट्टीच्या वेळात त्याच्याबरोबर बसायच्या, एक पैसा न घेता. पण तो विषय शिकलेली शिक्षिका शाळेत नव्हती. डिस्ट्रिक्टकडून आठवड्याला दोनदा अर्धा-अर्धा तास मदत मिळायची, तीही शिक्षिका आली तर. सहावीत त्याला पब्लिक शाळेत घातलं. मी मात्र तिथेच शिकवत राहिले, यावर सासूबाई अजून बोलतात. नव्या शाळेत त्याला रोज एक तास वाचनाची तज्ज्ञ बाई मिळाली, वर्षभरात फरक दिसला. पहिल्याच महिन्यात त्या बाईंनी मला बोलावून त्याच्या वहीचं एक पान दाखवलं. उतारा समजत नाही असं वाटलं की तो समासात बारीक रेघा मारत होता, एक आडवी, एक तिला छेदणारी, खाली दोन तिरप्या. त्यांना वाटलं होतं तो कंटाळून माशांची चित्रं काढतोय.