संत्र्याचं ॲप, पण केशरी अक्षरं नकोत

नागपूर जिल्ह्यात काटोलकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी मोबाइल ॲपचे स्क्रीन करत होते. माल तोडून गाडी पॅकहाउसला गेली की वजन किती भरलं, छाटणीत, म्हणजे खराब फळं वेगळी काढताना, किती गेलं, भाव काय लागला आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी जमा होणार, एवढंच सभासदाला त्यात पाहायचं होतं. हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या आत ॲप हातात हवं, म्हणून काम भर मे महिन्यात चाललं होतं.

पहिला आराखडा संचालकांना नागपुरात सीताबर्डीच्या एका गार हॉलमध्ये दाखवला, तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप येऊ लागले. लोगो मोठा करा. मागे बगीच्याचा फोटो टाका. आणि अध्यक्षांचा, ज्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणतो, त्यांचा ठाम निरोप: "ताई, संत्र्याचं ॲप आहे नं, मग अक्षरं बी संत्र्याच्याच रंगाची पाहिजेत."

मागणी प्रेमापोटी होती, आणि मला ती नुसती मोडून काढायची नव्हती. पण डिझाइनचं चित्र फक्त निकाल दाखवतं. अमुक गोष्ट तिथंच का, तेवढीच का, हे चित्रात कुठंच लिहिलेलं नसतं. मग पाहणाऱ्याकडे 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' एवढे दोनच शब्द उरतात. संचालक काटोल, नरखेड, कळमेश्वर असे पसरलेले. पुन्हा एकत्र बसवणं अवघड. म्हणून ठरवलं, स्क्रीन रेकॉर्ड करायचा आणि त्यावर बोलून एकेक निर्णयाचं कारण सांगायचं.

मे महिन्यात नागपुरात आवाज रेकॉर्ड करायचा तर कूलर बंद ठेवावा लागतो, आणि कूलर बंद करून दुपारी बसणं शक्यच नाही. मानेवाड्याच्या आमच्या घरात मी पहाटेच बसले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आवाज घुमू नये म्हणून समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या आणि कॉलरला माइक लावला. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट उभी ठेवली, १०८० बाय १९२०, कारण हा व्हिडिओ लॅपटॉपवर कोणी पाहणार नव्हतं. कर्सरला एक शिस्त लावून घेतली: बोलणं ज्या जागेबद्दल चालू आहे तिथंच तो जाईल, एरवी हलणार नाही. फिरत राहणारा कर्सर डोळ्यांना ओढून नेतो आणि कान मागे राहतो.

सुरुवात केशरी रंगापासूनच केली. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं तेजाचं प्रमाण किमान ४.५ ला १ लागतं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. कंपनीच्या लोगोतला केशरी पांढऱ्यावर जेमतेम २.७ भरत होता. तोच केशरी पट्टीत ठेवून त्यावर काळं अक्षर घातलं की प्रमाण ७ च्या वर जातं. आकडे मी व्हिडिओत सांगितले नाहीत. पूर्ण स्क्रीनवर रंग काढून टाकणारा एक थर चढवला आणि दोन्ही नमुने शेजारी ठेवले. काकाजींना हवा होता त्या नमुन्यातली चुकाऱ्याची रक्कम फिकट राखाडी होऊन पांढऱ्यात विरली. दुसऱ्यात ती ठसठशीत राहिली, आणि रंग परत आणला की केशरीही तिथंच होता, अक्षराच्या मागे. तिथं मी मुद्दाम काही क्षण गप्प राहिले. चित्र बोलत असताना आपण बोलू नये, असं माझं मत आहे.

'जमा' हिरव्यात आणि 'बाकी' लाल रंगात, हेही त्याच थराखाली दाखवलं. दोन्ही ठिपके एकसारखे दिसू लागले. लाल-हिरवा फरक ज्यांना ओळखू येत नाही अशी माणसं प्रत्येक गावात आहेत, बहुतेक पुरुष, आणि पैशाच्या बाबतीत त्यांना अंदाजावर सोडता येत नाही. म्हणून रंगासोबत शब्द आणि खूण.

गावांच्या यादीवर सगळ्यात जास्त वेळ घेतला. 'कळमेश्वर'मधला श्व बारीक आकारात गाठीसारखा होतो, म्हणून अक्षर मोठं. एका ओळीत 'कुही' आणि तिच्या खाली 'मोर्शी' आली की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचे रफार-वेलांटी एकमेकांत अडकतात. इंग्रजी मजकुराला पुरणारं ओळींमधलं अंतर देवनागरीला पुरत नाही. ते मी अक्षराच्या आकाराच्या १.२ पटींवरून १.६ पटींवर नेताना स्क्रीनवर दाखवलं. यादी जणू श्वास घेऊ लागली. आकडे मात्र इंग्रजी ठेवले, कारण इलेक्ट्रॉनिक काट्यावर आणि त्याच्या पावतीवर तेच असतात, आणि शेतकरी पावती हातात धरूनच ॲप पाहणार. सगळे आकडे उजवीकडे, एकाखाली एक, प्रत्येक अंकाची रुंदी सारखी.

शेवटी हिशोबाचा स्क्रीन. "मिळणारी रक्कम सगळ्यात वर आणि मोठी," मी म्हटलं, "कारण माणूस तेच पाहायला ॲप उघडतो. छाटणी, हमाली, गाडीभाडं हा तपशील खाली, लहान आणि थोडा फिकट, कारण तो नंतर पाहायचा." फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, नाहीतर व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून टाकतं आणि रंगांमधला जो फरक दाखवायचा तोच पुसला जातो.

दुपारी काकाजींकडून उत्तर आलं. तेही व्हिडिओच होतं.

ते बगीच्यात उभे होते. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, झाडांखाली उष्णतेनं गळलेली लहान हिरवी फळं, मागे ठिबकच्या नळ्या. मुलाच्या फोननं ते स्वतःच्या फोनचं चित्रण करत होते आणि बोलत होते. आधी केशरी अक्षरांचा नमुना उघडला. "हे पाहा ताई, काहीच दिसून नाही राह्यलं." मग दुसरा. रक्कम उन्हातही वाचता येत होती. मी रंग काढून जे दाखवलं होतं ते त्यांनी मे महिन्याच्या उन्हात ठेवून तपासलं होतं, आणि यापेक्षा चांगली तपासणी मला माहीत नाही.

पण ते तिथं थांबले नाहीत. हिशोबाच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. नखाच्या कडेला मातीची काळी रेघ, आणि बोट थेट त्या फिकट ओळींवर. "तुम्ही म्हणता हे नंतर पाहायचं. आम्ही हेच आधी पाहातो. वजन तर मले माह्या काट्यावर बी माहीत असते, भाव बी आदल्या दिवशी समजते. छाटणीत किती बाद केला, ते मात्र तुम्ही सांगाल तवाच समजन. भांडण तिथंच होते."

मी तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. नुसतं चित्र पाठवलं असतं तर ते 'चांगलं आहे' म्हणाले असते आणि छाटणीची ओळ फिकटच राहिली असती. मी कारण मोठ्यानं सांगितलं, म्हणून त्यांना ते खोडता आलं. माझं कारण कुठल्याही ॲपला लागू पडलं असतं. त्यांचं कारण फक्त त्या पॅकहाउसच्या फाटकापाशी उभं राहिलेल्या माणसाकडेच असू शकतं.

संध्याकाळपर्यंत स्क्रीन बदलला. वर भरलेलं वजन, लगेच खाली छाटणी, तेवढ्याच मोठ्या काळ्या अक्षरांत, किलो आणि टक्के दोन्ही. बाद मालाचा फोटो पाहायचं बटण तिथंच, अंगठा पोचेल असं. मग हमाली, गाडीभाडं, आणि शेवटी केशरी पट्टीत मिळणारी रक्कम. कारण ऐकल्यावर बाकी संचालकांच्या निरोपांचा सूरही बदलला. मागच्या फोटोचा आग्रह ज्यांनी धरला होता, त्यांनीच विचारलं, "फोटोवर आकडे वाचता येतील का?"

सभासदांना ॲप समजावणारा व्हिडिओ करायची वेळ आली तेव्हा काकाजींना म्हटलं, आवाज तुमचाच हवा. ते आधी नाही म्हणाले, मग शहरात लग्नाला आले तेव्हा सकाळी सकाळी घरी येऊन बसले. त्यांच्या बोलण्यावर मी कर्सर नेत होते. छाटणीच्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पाणी प्यायले, आणि ती ओळ दोनदा वाचून दाखवली. व्हिडिओत ती दोनदाच ठेवली आहे.