हायलंड पार्कमधील सरकती जुळणी
फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या मोटारगाडीबद्दल लिहिताना बहुतेक जण हेन्री फोर्ड यांच्या कल्पकतेवरच थांबतात. मला मिशिगनमधील हायलंड पार्क कारखान्यातला कामगार अधिक महत्त्वाचा वाटतो. १९१३ मध्ये तेथे आधी मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या भागाची) आणि मग गाडीच्या संपूर्ण सांगाड्याची जुळणी सरकत्या मार्गावर आणली गेली, आणि पूर्वी सुमारे साडेबारा तास घेणारे सांगाड्याचे काम १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आले. (शिकागोच्या कत्तलखान्यांत जनावराचे धड टांगून पुढे सरकवीत आणि तोडत; येथे तसेच सरकवीत गाडी जोडत.) दिवसभर एकच हालचाल करण्याला कंटाळून माणसे इतक्या झपाट्याने नोकरी सोडत, की जानेवारी १९१४ मध्ये कंपनीला आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर करावे लागले, त्यातला सुमारे निम्मा भाग नफ्यातील वाटा म्हणून, कामगाराचे घरातले वर्तनही तपासून मगच मिळत असे.