तुम्ही विचारलंत म्हणून: ती ओळ उशिरा येते

मी रेकॉर्डिंग स्टुडिओत गायकांचे आवाज दुरुस्त करते, असं कळलं की पुढचा प्रश्न येतोच. "मग तुम्हीच सांगा, हल्लीच्या गाण्यांत काही अर्थ उरलाय का?" विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा खंत असते आणि मीही ती वाटून घ्यावी अशी अपेक्षा असते. पण दिवसाचे आठ-नऊ तास मी हीच गाणी हेडफोनवर ऐकते, एकेक ओळ वीस-वीस वेळा. त्यामुळे नुसतं हो किंवा नाही म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. आज जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं काम. गायक एकच गाणं सात-आठ वेळा गातो. त्या सगळ्या टेकमधून चांगल्या ओळी, कधी नुसते शब्द, कधी एखाद्या शब्दाचं शेपूट उचलून मी एक सलग आवाज जोडते. मग जिथे सूर उतरलाय तिथे तो वर घेते. लय मागेपुढे झाली असेल तर ओळ सरकवून तालाच्या रेघेवर बसवते. श्वास बारीक करते, ओठांचे आवाज काढून टाकते. सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीत सोडलेल्या लहरींचं गणित करायचे. जमिनीच्या पोटातलं ऐकणारं ते गणित पुढे माणसाच्या गळ्याला लागलं. दुसऱ्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते मुद्दाम इतकं ताणलं गेलं की आवाज धातूसारखा वाजायला लागला आणि जगाला ते आवडलंही. म्हणून यंत्रामुळे गाणं मेलं असं मी म्हणत नाही. यंत्र कशासाठी वापरलंय, ते बघते.

"गाणी किती छोटी झाली!" हीही नेहमीची तक्रार. तीन मिनिटांचं माप जुनंच आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं आणि गाणाऱ्यांनी त्या तीन मिनिटांत आयुष्यं बसवली. आज स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं गेलं की गाणं एकदा ऐकलं असं मोजलं जातं. ऐकणारा तोवर टिकावा म्हणून साहजिकच सुरुवातीची संथ धून कापली जाते, ध्रुवपद पुढे ओढलं जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ऐकणाऱ्याला गाण्यात शिरायला जो उंबरठा लागतो तोच काढून टाकला जातो. पण माप बदललं म्हणून माणसाकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं होत नाही.

मोजमापाची आणखी एक गोष्ट लोक मला हमखास ऐकवतात. २०१२ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. १९५५ ते २०१० या काळातली चार लाखांहून जास्त गाणी संगणकाने तपासली, तेव्हा ध्वनींची विविधता कमी होत गेलेली आणि आवाजाची पातळी चढत गेलेली दिसली. ते मला पटतं, रोज कानांनी ऐकते. सगळं एकाच उंचीवर दाबून भरलं की कुजबूज आणि हाक यांतला फरक जातो. पण त्या आकड्यांवरून गाण्याचा अर्थ मोजता येत नाही. दोनच सुरांवर आणि एका ओळीवर उभं असलेलं गाणं एखाद्याला रात्र काढायला मदत करतं.

अर्थ म्हणजे शब्दांची श्रीमंती, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. नाचायच्या गाण्यात नुसती आरोळी असते आणि ती शंभर अनोळखी माणसांना एका ठेक्यावर आणते. तोही अर्थच. मात्र जे गाणं काही सांगतंय असा आव आणतं, त्याला मी एक कसोटी लावते. त्यातली ओळ उचलून दुसऱ्या कुठल्याही गाण्यात ठेवून बघते. तिथेही ती तितकीच चपखल बसली, तर ती मुळात कोणाचीच नव्हती. रात्र, आग, आकाश, तुझ्याविना मी: हे शब्द वाईट नाहीत, पण ते कोणीतरी जगून आणावे लागतात. एका गाण्याला लिहिणारे म्हणून सहा-सात जणांची नावं लागतात यालाही माझा आक्षेप नाही. आक्षेप असलाच तर तो असा, की प्रत्येकजण एकेक टोक घासतो आणि शेवटी हाताला काहीच टोचत नाही.

टोचणाऱ्या गाण्याचं उदाहरण द्यायचं तर मी नेहमी ट्रेसी चॅपमन या अमेरिकन गायिकेचं 'फास्ट कार' सांगते. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम होता. गायक स्टीव्ही वंडर मंचावर जाणार, तेवढ्यात त्यांच्या कीबोर्डचे ध्वनी ज्या डिस्कवर होते ती सापडेना. ते निघून गेले. वेळ भरून काढायला, आधी एकदा गाऊन गेलेल्या चॅपमनना पुन्हा पाठवलं. एक गिटार, एक माइक. भरलेलं स्टेडियम शांत होत गेलं. गाणं आहे दारूड्या बापाला सांभाळणाऱ्या, दुकानात बिलाच्या काउंटरवर राबणाऱ्या आणि कुणाच्या तरी गाडीत बसून लांब जाऊ पाहणाऱ्या एका मुलीचं. पस्तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, ल्यूक कोम्ब्स या कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण धाटणीची गाणी) गायकाने ते पुन्हा गायलं आणि ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: दाढीवाल्या त्या पुरुषाने काउंटरवरच्या मुलीचे शब्द बदलले नाहीत. ती मुलगी मुलगीच राहिली. ती इतकी नेमकी होती की तिच्या जागी कुणालाही उभं राहता येत होतं.

आणि हो, जुनी गाणी सरसकट चांगली होती असं मला वाटत नाही. जुनं म्हणून आपल्यापर्यंत जे येतं ते गाळून आलेलं असतं, चोथा मागे राहिलेला असतो. शिवाय पौगंडात आणि विशीत ऐकलेलं मनात सगळ्यात खोल रुजतं. मी स्वतः सतरा वर्षांची असताना ऐकलेल्या एका साध्याशा गाण्यावर आजही माझा गळा दाटतो. ते गाणं थोर नाही. पण मी त्याला फुटकळही म्हणू देणार नाही.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, विशीतली. स्वतः लिहिलेलं गाणं. आई गेल्यानंतरही फोनमधला तिचा नंबर खोडलेला नाही, एवढंच त्यात होतं. ध्रुवपदात ओळ होती, 'तुझा नंबर अजून आहे'. आठही टेकमध्ये 'अजून'च्या आधी ती थांबायची. संगणकाच्या पडद्यावर बघितलं तर दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तो शब्द रेघेच्या मागे राहायचा आणि त्याआधी एक आखूड, तुटका श्वास असायचा. मी हात चालतो तसं काम केलं. श्वास काढला, शब्द तालावर आणून बसवला, सूरही किंचित वर घेतला. ओळ स्वच्छ झाली.

तिने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "ताई, ते आधीचं कुठे गेलं?"

"आधीचं काय गं?"

"मी थांबले होते ना तिथे."

"ताल चुकत होता म्हणून सरळ केलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "पण ताई, मला तो शब्द लगेच म्हणताच येत नाही."

मी सगळं उलटं केलं. आधी सूर, मग श्वास, शेवटी शब्द जिथे होता तिथे. दोघींनी हेडफोन लावून ऐकलं. तो तुटका श्वास आला आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असे किती श्वास मी काढून टाकले असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. आता मी आधी शब्द वाचते, गाणाऱ्याला विचारते, आणि मगच पडद्यावरच्या रेघांकडे बघते. वेळ जास्त लागतो. काही जणांना ते चालत नाही, ते दुसरीकडे जातात.

ते गाणं मिक्सिंगला, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवायला, गेलं तेव्हा तिथल्या मुलाचा फोन आला. काळजीने विचारत होता, "मॅडम, ध्रुवपदात एक शब्द मागे पडलाय, चारही वेळा. बसवून घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "चारही वेळा तसाच ठेव."